एक्सरेबाईंचा दगड

आधी कबूल करते, मग काय हसायचं ते हसा. माझ्या विहीणबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, चला, लेकीनं नशीब काढलं! सासू म्हणजे अगदी गरीब गाय. लेकीचं आणि त्यांच्या मुलाचं आपापसात ठरून गेलेलंच होतं, आम्ही दोघी आया नुसत्या एकमेकींना बघायला भेटलो होतो. बाई कोपऱ्यात बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडातून शब्द नाही. मी बसायला गेले तर खुर्चीवर माझीच पिशवी. ती त्यांनी उचलली, क्षणभर हातात धरली आणि अलगद टेबलावर ठेवली. घरी येऊन मी यांना म्हटलं, "काय हो मऊ स्वभाव! पिशवीसुद्धा बाळासारखी उचलतात."

लग्नाला वर्ष उलटल्यावर बाईंनीच मला सांगितलं, "त्या दिवशी तुमच्या पिशवीत लोखंडी कुलूप होतं. पाऊण किलोचं, नवं, किल्ल्या दोन. म्हटलं, बाई कुलूप घेऊन फिरते म्हणजे माणसं सावध आहेत. सोयरिक करायला हरकत नाही."

घ्या! मी म्हणतेय मऊ स्वभाव, आणि बाई माझी झडती घेत होत्या.

त्यात त्यांचा दोष नाही म्हणा. सत्तावीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काढली त्यांनी. खिडकीच्या अलीकडे लोक, पलीकडे त्या, आणि मधे लोक जे खोटं लिहितात तो कागद. वर लिहायचं 'पुस्तकं' आणि आत बाटली. वर 'कपडे' आणि आत मिक्सरचं भांडं. बाई पार्सल उचलायच्या, कानाजवळ नेऊन एकदाच हलवायच्या, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी ठोकायच्या आणि चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "पुस्तकाला खळखळ नसते." माणूस गार. ऑफिसात त्यांचं नाव एक्सरेबाई पडलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना बंद खोक्यात भेट दिली, तर बाईंनी ती हलवली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घड्याळ आहे. चालत नाहीये." खरंच सेल टाकायचा राहिला होता.

घरीसुद्धा तेच. दूधवाल्याची पिशवी आधी तळहातावर, मग पातेल्यात. औषधाची डबी आधी हलवणार, गोळ्या मोजणार नाहीत, नुसत्या आवाजावरून म्हणणार, "एक कमी आहे." माझी लेक दातांच्या दवाखान्यात फोन घेते, ती सुरुवातीला रडकुंडीला यायची. आता तीही कणकेचा डबा हातात घेऊन विचार करत उभी राहते. संगतीचा परिणाम.

तर मागच्या वर्षी एके दिवशी दुपारी लेकीचा फोन. आवाज इतका बारीक, की मला वाटलं दवाखान्यातच कुणाला तरी भूल दिलीय.

"आई, सासूबाई काहीतरी लपवतायत."

"काय लपवतायत?"

"कपाटाचा खालचा खण कुलपात असतो. रोज चार वाजता पाठीवर पिशवी अडकवून जिने चढतात उतरतात, पाच-पाच वेळा. विचारलं तर म्हणतात, व्यायाम. महिन्यातून दोनदा हातानं पत्ता लिहिलेलं जाड पाकीट येतं, ते घेऊन खोलीत जातात आणि दार लावतात. आणि परवा मला विचारत होत्या, बोट लागू नये म्हणून कुठली गोळी घेतात."

"बोट लागतं म्हणजे?"

"अगं, पाण्यातली बोट!"

आता झाली का पंचाईत? जावई फ्रिज दुरुस्त करणारा, त्याचं डोकं तसंच थंड. त्याला वाटलं, आईला कुणीतरी फसवतंय. टपालानं बेट विकणारे असतात म्हणे, फोटो पाठवतात, सही मागतात. लेकीला वाटलं, सासूबाईंना काहीतरी मोठं दुखणं आहे आणि त्या निरवानिरव करतायत. आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण खोटं कशाला बोलू. विधवा बाई, वय एकसष्ट, हातानं लिहिलेली पत्रं, दार लावून वाचणं... मला वाटलं, कुणीतरी जुना माणूस आहे! आणि खरं सांगू? मला जरा मजाच वाटली.

"मी येते चार दिवस," म्हटलं. घराला रंग काढलाय असं सांगायचं ठरलं.

पोचले तर एक्सरेबाई दारात. माझी बॅग हातातून घेतली. बॅग हातात घेतली म्हणजे काय झालं ते तुम्हाला आता कळतंच. "चारच दिवसांचे कपडे? रंग फारच लवकर वाळतो हो तुमच्याकडे, विहीणबाई."

"एकाच खोलीला काढलाय."

"कुठला रंग?"

"पांढरा."

"मग नखांत नाही कुठे?"

पहिल्या पाच मिनिटांत ही गत. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या, तशी मी चप्पल घालून मागे. दोन गल्ल्या, एक चौक, औषधाचं दुकान, मग बंदराकडे जाणारा उताराचा रस्ता. मी खांबामागे थांबते, भिंतीशी वळते, सिनेमात करतात तसं सगळं. बाई मागे वळूनसुद्धा बघत नव्हत्या. एका छोट्या ऑफिससमोर थांबल्या. दारावर निळ्या बोटीचं चित्र. आत न जाता तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "या, विहीणबाई. तुमची डावी चप्पल करकरतेय चौकापासून."

काय करणार? गेले. आत एक माणूस, त्याचं टेबल, भिंतीवर एक मोठा फोटो. फोटोत समुद्राच्या मधोमध हिरवं बेट, झाड एकसुद्धा नाही, आणि गवतात दगड उभे. ओळीनं. साठ-सत्तर असतील, एकेक दीड माणूस उंच. कुणी उभे केले, कधी केले, कशासाठी केले, कुणालाच माहीत नाही. घर म्हणाल तर राखणदाराची एक खोली. बोट जाते ती हवा चांगली असेल त्या पाच महिन्यांत, पंधरा दिवसांतून एकदा. चार तास उतरू देतात आणि परत.

"हे बघायला जायचंय तुम्हाला?" मी म्हटलं. "अहो, फोटोत दिसतंय की सगळं! दगडच आहेत."

"बघायला नाही," बाई म्हणाल्या. "द्यायला जायचंय."

घरी आल्यावर खोलीचं दार लावलं, ह्या वेळी मला आत घेऊन. खालचा खण उघडला. आत एक पार्सल, कोपरे मळलेले, सुतळीची गाठ नव्यानं मारलेली. वर निळ्या शाईत पत्ता: बेटाचं नाव, राखणदार. आणि आत काय आहे त्या रकान्यात लिहिलेलं, 'स्वेटर'.

माझ्या हातात दिलं. हात खालीच गेला.

"हा स्वेटर?"

"तेच मी म्हटलं तेव्हा," बाई म्हणाल्या.

बारा वर्षांपूर्वी एक माणूस हे घेऊन खिडकीवर आला होता. टोपी, घाम, बाहेर ऊन असूनही कोट घातलेला. बाईंनी पार्सल उचललं, हलवलं, ठोकलं. म्हणाल्या, "स्वेटर वाजत नाही." तो माणूस पांढरा पडला आणि पार्सल तिथंच टाकून चालता झाला. नियम सरळ होता. मजकूर खोटा असेल तर पार्सल थांबवायचं, पाठवणाऱ्याला नोटीस काढायची. नोटीस परत आली. पत्ता खोटा होता. मग ते मागच्या कपाटात गेलं, बेवारस म्हणून.

"आणि निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात कपाट रिकामं करायचं निघालं. तेव्हा उघडलं."

आत भाकरीएवढा दगड. एक बाजू तुटलेली, खडबडीत. दुसरी गुळगुळीत, आणि तिच्यावर कोरलेलं अर्धं वर्तुळ. बरोबर चिठ्ठी. बाईंनी ती मला वाचायला दिली नाही, स्वतःच वाचून दाखवली, पार्सलचा पत्ता वाचावा तशा आवाजात: "चुकून नाही, मुद्दाम आणला. तेव्हापासून घरात नीट झोप नाही. घरच्यांना सांगता येत नाही. कृपा करून होता तिथे ठेवा. नाव लिहीत नाही, क्षमा करा."

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली.

"नियमानं माझं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "स्वेटर नव्हताच."

"बरोबरच होतं हो."

"मी त्याला चोर समजले. आणि तो चोरी परत करायला आला होता. बारा वर्षं माझ्या कपाटात. साहेब म्हणाले, दगडच आहे, खाली टाकून द्या अंगणात. मी सही केली आणि घरी आणला."

"मग पाठवून द्या की पोस्टानं परत! त्यात काय?"

एक्सरेबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर 'पुस्तकं' लिहून आत बाटली पाठवतेय.

"वर काय लिहू? दगड? कोण विश्वास ठेवेल? पुढच्या ऑफिसात खिडकीवर माझ्यासारखीच कुणी बसली असेल, तर ती सोडेल का?"



घाईचं कारणही निघालं. ती जाड पाकिटं राखणदाराची होती. सगळं लिहून विचारलं होतं बाईंनी त्याला, आणि तो म्हणाला होता, आणा, मी ठेवून घेतो, कुणाला काही विचारणार नाही. पण हा त्याचा शेवटचा हंगाम. त्यानंतर नवा माणूस. "आणि नव्या माणसावर माझा भरवसा नाही," बाई म्हणाल्या. "तो मलाच चोर समजेल. मी असते तर समजले असते." म्हणजे हंगामाची शेवटची बोट, तीन आठवड्यांनी. ती चुकली की दगड जन्मभर ह्या खणात.

आता तुम्ही म्हणाल, मी पोटात ठेवलं असेल. मी? संध्याकाळी चहा ओतता ओतता अर्धं सांगून झालं, उरलेलं लेकीनं माझ्या तोंडावरून वाचलं. जावई जेवणाच्या टेबलाशी उभाच राहिला.

"आई, दगडासाठी? त्या गुडघ्यांनी? पाच तास त्या टोपलीएवढ्या बोटीत?"

"गुडघ्यांसाठीच जिने चढतेय दोन महिने. दगड पाठीवर घेऊन."

"आणि तो दगड तिथलाच आहे कशावरून? कुणीतरी गंमत केली असेल. एखाद्यानं नदीतून उचलला, चिठ्ठी लिहिली, तुला बनवलं. तू दूधवाल्यावर विश्वास ठेवत नाहीस, आणि बिननावाच्या चिठ्ठीवर ठेवलास?"

मी म्हटलं, मेले. आता बाईंचं तोंड उतरणार. कारण बोलला ते खरंच होतं. जगातल्या प्रत्येक डबीवर संशय घेणारी बाई ह्या एका कागदाला भुलली असं मलाही क्षणभर वाटलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मी चहाच्या गाळण्याकडे.

बाई उठल्या. आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी लेकीला खुणेनं विचारलं, रडतायत का? लेक खुणेनं म्हणाली, जा बघ. तेवढ्यात बाई आल्या, हातात दगड आणि दुमडलेला खाकी कागद.

"हे तेव्हाच विचारलं मी राखणदाराला. पहिल्याच पत्रात. म्हटलं, तुमच्याकडे काही तुटलंय का, आणि तुटलं असेल तर पुरावा द्या. माझ्याकडे एक दगड आहे एवढंच सांगितलं होतं. आकार सांगितला नव्हता, वर्तुळ तर मुळीच नाही."

कागद टेबलावर पसरला. दुसऱ्या ओळीतला सातवा दगड, डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर कपचा उडालेला. राखणदारानं त्या खड्ड्यावर कागद धरून पेन्सिलीनं घासून त्याची कड उतरवली होती. आणि कडेपाशी येऊन थांबलेलं अर्धं वर्तुळ.

"ठेव," बाई मुलाला म्हणाल्या. "तूच ठेव. मी ठेवला तर म्हणशील, आईनं ढकलला."

जावयानं दगड उचलला, उलटा ठेवला, सुलटा ठेवला, थोडा फिरवला. फ्रिजचा सुटा भाग बसवावा तसा. आणि बसला हो! कड कडेला लागली, अर्ध्या वर्तुळाला अर्धं वर्तुळ. लेकीनं "अगंबाई" म्हटलं. जावई टेबलावर वाकून किती तरी वेळ बोटानं ती रेघ फिरवत राहिला, दगडावरून कागदावर, कागदावरून दगडावर.

"मी येतो बरोबर," म्हणाला शेवटी.

"तुला पाळण्यात बसवलं तरी उलटी होते."

"मग एकटी नाही जायचं. बरोबर कुणीतरी पाहिजे."

तिघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्या घराला रंग..." आणि कुणी पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

तीन आठवडे तयारीत गेले, म्हणजे माझ्यावर संशय घेण्यात गेले. मी गोळ्या आणल्या, तर त्यांनी वास घेतला. मी रेनकोट आणला, तर त्यात पाणी ओतून बादलीवर टांगला. हवामान सांगणारा रेडिओवाला आणि त्याच्यावर बाईंचा भरवसा, ह्यावर तर वेगळं बोलावं लागेल. बोट छोटी, म्हणून माणशी सामान सात किलोच, एक ग्रॅम जास्त चालणार नाही असा कागद बोटवाल्यांनी दिला होता. हवा बिघडली तर बेटावर दोन दिवस अडकू शकता, म्हणून गरम कपडे आणि खाणं घ्याच, असंही त्याच कागदावर. दगडच दोन किलो सहाशे. बाईंनी ब्रशचा दांडा कापला, टॉवेल अर्धा केला, बिस्किटं वेष्टनातून काढून डब्यात भरली. मी नुसती बघत होते. माझ्या बॅगेत दगड नव्हता, म्हणून मी एक जादा शाल घातली, तर म्हणाल्या, "ती काढा, अडकलो तरी तीनच दिवस, ही चौथ्या दिवशीची आहे."

आणि आला तो दिवस. सकाळी सात वाजता बंदरावर, त्याच निळ्या बोटीच्या ऑफिसात. बाहेर लाटा उड्या मारतायत, बोटवाला घड्याळ बघतोय, अजून चार प्रवासी कुडकुडत उभे. खिडकीवरच्या माणसानं माझी बॅग काट्यावर ठेवली. चमकणारे आकडे: सहा किलो आठशे. पास. मग बाईंची.

सात किलो चारशे.

"चारशे जास्त आहे, आजी," तो म्हणाला. "काहीतरी काढा. हे जड काय आहे? दगड? दगड काढा ना मग! तिथे भरपूर आहेत."

मागची चौघं हसली. दगड काढला तर जायचं कशाला, आणि गरम कपडे काढले तर ही बाई तिथे गारठून जाईल. मी म्हटलं, "माझ्या बॅगेत दोनशे बसतील..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही बॅग सात किलो चारशे नाही. सहा किलो नऊशे ऐंशी आहे."

"काटा सांगतोय ना, आजी."

"काटा चुकतोय."

"घरचा चुकत असेल तुमचा."

हे त्यानं बोलायला नको होतं. बाईंनी चष्मा वर ढकलला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. खिडकीशेजारी विकायला पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता, न फोडलेला, लिटरच्या सहा. "हा ठेवा काट्यावर."

"बोट सुटेल, आजी."

"मग लवकर ठेवा."

ठेवला. सहा किलो पाचशे पन्नास.

"सहा लिटर पाणी म्हणजे किती किलो?"

"सहा."

"मग हे साडेपाचशे ग्रॅम कुठून आले?"

"बाटल्यांचं वजन असतं की!"

"त्या टोपलीत रिकामी बाटली पडलीय. ठेवा ती."

त्यानं टोपलीतून बाटली काढली, झटकली, काट्यावर ठेवली. तीस ग्रॅम. मागच्या चौघांपैकी एकजण मोठ्यानं म्हणाला, "तीस सक एकशे ऐंशी." दुसरी बाई म्हणाली, "मग सहा एकशे ऐंशी यायला हवं." बोटवालाही आत येऊन उभा राहिला, घड्याळ विसरून.

"किलोमागे साठ ग्रॅम पुढे पळतोय तुमचा काटा," एक्सरेबाई म्हणाल्या. "आता माझ्या बॅगेचा हिशेब करा."

तो माणूस करू लागला, ओठ हलवत. मधेच सोडून म्हणाला, "बरं बरं, न्या. सात किलो लिहितो."

"सात नाही. सहा नऊशे ऐंशी."

"अहो आजी, वीस ग्रॅमनी काय बिघडतंय?"

"काही बिघडत नाही. पण ते वीस ग्रॅम माझ्या बॅगेत नाहीत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले, बाबा, मला कशाला मधे घालतोस? बोटवाला म्हणाला, "अरे, लिही रे, भरती चुकेल." त्यानं सात खोडलं, आणि हातानं, नीट, प्रत्येक आकडा बाईंना दिसेल असा मोठा काढत लिहिलं: ६.९८०.

"सही," बाई म्हणाल्या.

त्यानं सही केली.